परावटु ग्रंथी : काढलेली आणि उरलेली

व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला म्हणजे श्रोते तट, बुरूज, तह आणि लढाया यांची अपेक्षा करतात. आजचा आमचा इतिहास माणसाच्या मानेतल्या चार बोटे जागेत घडलेला आहे. गळ्याच्या पुढल्या अंगास श्वासनलिकेला बिलगून अवटु ग्रंथी असते. तिला आपण थायरॉइड म्हणून ओळखतो. तिच्या पाठीशी, बहुधा दोन डावीकडे व दोन उजवीकडे, मसुरीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी दडलेल्या असतात. याच परावटु ग्रंथी. एकेकीचे वजन तीस-चाळीस मिलिग्रॅम. रक्तातील कॅल्शियम, साध्या भाषेत चुना, ठरावीक पातळीवर राखणे एवढेच त्यांचे काम. रक्तातला चुना थोडा उतरला की या ग्रंथी आपला स्राव रक्तात सोडतात, आणि तो स्राव हाडांच्या कोठारातून चुना काढून रक्तात आणतो. पातळी भरली की ग्रंथी गप्प बसतात.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसात मात्र त्या गप्प बसत नाहीत. त्या वाढतात, फुगतात, कधी सुपारीएवढ्या होतात आणि हाडे पोखरून काढतात. अशा वेळी शस्त्रवैद्य मान उघडतो आणि चारांपैकी साडेतीन ग्रंथी काढून टाकतो. रोग्याच्या हाडांची कळ थांबते, रात्र-रात्र जागवणारी खाज थांबते, तो जिना चढू लागतो. आणि मग काही वर्षांनी, कुणाला तीन, कुणाला दहा, तेच दुखणे त्याच पावलांनी परत येते. पहिली शस्त्रक्रिया चुकली होती काय? पुष्कळदा मुळीच नाही. ती बिनचूक झाली होती, तरीही रोग परतला. हे असे का होते आणि त्याला वैद्यांनी आजवर काय काय उत्तरे दिली, ते पाहण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

या ग्रंथींचा पहिला पत्ता माणसात लागला नाही, गेंड्यात लागला. आणि तो गेंडा हिंदुस्थानी जातीचा, एकशिंगी होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने तो १८३४ साली विकत घेतला होता. १८४९ साली तो मेला तेव्हा त्याचे प्रचंड धूड रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाच्या मेजावर आले. ओवेनने मोठ्या चिकाटीने त्याचा अवयव न् अवयव सोडवला आणि अवटु ग्रंथीला चिकटलेला एक लहानसा पिवळसर गोळा टिपून ठेवला. तो काय करतो याची त्याला कल्पना नव्हती. पुढे १८७७ साली स्वीडनमधील उप्साला येथे इव्हार सॅण्डस्ट्रम नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला असाच गोळा कुत्र्यात दिसला. मग त्याने मांजर, ससा, बैल, घोडा असे करीत अखेर पन्नास मानवी प्रेते तपासली आणि १८८० साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. जर्मनीतल्या नामांकित नियतकालिकाने तो फार लांब म्हणून परत केला होता. तेव्हा तो स्वीडिश भाषेतच, गावच्या वैद्यमंडळाच्या अहवालात छापावा लागला. जगाने तो वाचला नाही. १८८९ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, सॅण्डस्ट्रमने आत्मघात केला. मानवी शरीरातला एक सबंध नवा अवयव शोधून काढण्याचे भाग्य त्याच्यानंतर फारसे कुणाच्या वाट्यास आलेले नाही, आणि ज्याला ते लाभले त्याला त्याचे श्रेय जिवंतपणी पाहावयास मिळाले नाही.

ग्रंथींचे कार्य कळले ते त्या नसल्यामुळे. गलगंडासाठी अवटु काढून टाकलेल्या रोग्यांपैकी काहींना हातापायांत पेटके येत, बोटे आखडत, आणि काही त्यातच दगावत. अवटुबरोबर नकळत परावटुही निघून गेल्याचा तो परिणाम होता, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखविले. १९०९ साली अमेरिकेत मॅकॅलम आणि व्हॉग्टलिन यांनी असल्या पेटक्यांवर कॅल्शियम दिले, आणि पेटके थांबले. म्हणजे ग्रंथीचा आणि चुन्याचा संबंध पक्का झाला. ग्रंथी नसल्या तर काय होते ते कळले. त्या जास्त झाल्या तर काय होते, हा प्रश्न शिल्लक होता.

त्या प्रश्नावर व्हिएन्ना शहरात जो वाद झाला तो आम्हांला या साऱ्या इतिहासाचा कणा वाटतो. याकोब एर्डहाइम हा तेथील विकृतिशास्त्रज्ञ. हाडे मऊ पडून मेलेल्या रोग्यांच्या शवांत त्याला परावटु ग्रंथी वाढलेल्या आढळल्या. त्याने असा निष्कर्ष काढला की रोग हाडांचा आहे. हाडांतला चुना कमी पडतो म्हणून बिचाऱ्या ग्रंथी ती तूट भरून काढण्यासाठी वाढतात. ग्रंथींची वाढ हा रोगाचा परिणाम, कारण नव्हे. एर्डहाइमचा अधिकार मोठा असल्यामुळे हे मत चालले. १९१५ साली फ्रीड्रिख श्लागेनहाउफरने शंका काढली : तूट भरण्यासाठी ग्रंथी वाढत असतील तर चारही वाढायला हव्यात. एकच वाढलेली सापडते तेव्हा काय म्हणायचे? तेथे ती ग्रंथीच रोगाचे मूळ असली पाहिजे, आणि ती काढून पाहिली पाहिजे.

हे काढून पाहण्याचे धाडस १९२५ साली फेलिक्स मांडल या शस्त्रवैद्याने केले. त्याचा रोगी आल्बर्ट हा व्हिएन्नातील ट्रामगाडीचा कंडक्टर. हाडांच्या वेदनांनी तो अंथरुणाला खिळला होता आणि मांडीचे हाड मोडले होते. गंमत अशी की मांडलने आरंभी एर्डहाइमचेच मत प्रमाण मानले. ग्रंथी कमी पडत आहेत असे समजून त्याने रोग्याला ग्रंथींचा अर्क दिला. पुढे अपघातात मेलेल्या माणसाच्या परावटु ग्रंथी त्याच्या अंगात बसविल्या. काडीचा उपयोग झाला नाही. तेव्हा श्लागेनहाउफरची सूचना मनात धरून त्याने मान उघडली, तो एक ग्रंथी गाठ होऊन बसलेली दिसली. ती काढली. रोग्याच्या लघवीतून वाहून जाणारा चुना कमी झाला, वेदना थांबल्या, आणि काही महिन्यांत तो काठीच्या आधाराने चालू लागला. वैद्यकाच्या इतिहासात ही शस्त्रक्रिया सोन्याच्या अक्षरांनी लिहिली गेली आहे.

पण ग्रंथांतून जे एका ओळीत उरकले जाते ते असे की आल्बर्टचे दुखणे काही वर्षांनी परतले. मांडलने १९३३ साली पुन्हा मान उघडली. या खेपेस काही सापडले नाही. १९३६ साली रोगी मरण पावला. या शस्त्रक्रियेच्या पहिल्याच यशाच्या पोटात पहिली पुनरावृत्तीही होती.

त्याच काळात अमेरिकेत चार्ल्स मार्टेल नावाच्या व्यापारी जहाजाच्या कप्तानाची कथा चालू होती. या धिप्पाड माणसाची हाडे दबून उंची काही इंचांनी घटली. त्याची मान एकदा, दोनदा, तीनदा उघडली, आणि प्रत्येक वेळी गाठ हाती लागली नाही. पुस्तके चाळीत बसलेल्या कप्तानाने स्वतःच छाती उघडण्याचा आग्रह धरला असे सांगतात. १९३२ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात सातव्या शस्त्रक्रियेत गाठ अखेर सापडली, ती छातीच्या पोकळीत, हृदयाच्या वरच्या अंगाला. गर्भावस्थेत खालच्या दोन परावटु ग्रंथी थायमस नावाच्या ग्रंथीबरोबर वरून खाली उतरतात. एखादी आपल्या मुक्कामी न थांबता तशीच पुढे छातीत जाते. शस्त्रवैद्यांनी गाठ पुरती काढली नाही. चुना एकदम उतरून रोगी पेटक्यांनी दगावू नये म्हणून थोडा तुकडा त्याच्या रक्तवाहिनीसह मुद्दाम मागे ठेवला. मार्टेल सुमारे सहा आठवड्यांनी मूत्रपिंडातील खड्याच्या दुखण्याने वारला. तो वाचला नाही. परंतु त्याच्या रोगाने दोन गोष्टी कायमच्या शिकविल्या. ग्रंथी कोठेही असू शकते, आणि किती काढायची याइतकाच किती ठेवायची हा प्रश्नही जीवन-मरणाचा आहे.

आता मूत्रपिंडाकडे वळू. मांडल आणि मार्टेल यांच्या गोष्टींत रोग ग्रंथीत सुरू झाला होता. परंतु मूत्रपिंडे बिघडलेल्या मुलांची हाडे वाकडी होतात, त्यांना एक प्रकारचा मुडदूस होतो, हे इंग्लंडमधील लुकस याने १८८३ सालीच नोंदविले होते. १९३०च्या दशकात अशा रोग्यांच्या शवविच्छेदनांत परावटु ग्रंथी वाढलेल्या आढळू लागल्या. एक नव्हे, चारही. १९३४ साली बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट व त्याच्या सहकाऱ्यांनी चारही ग्रंथींची सर्वांगीण वाढ हा एका ग्रंथीच्या गाठीहून वेगळा प्रकार म्हणून मांडला. म्हणजे पाहा, व्हिएन्नाच्या वादात दोघेही जिंकले. एक गाठ असेल तेथे श्लागेनहाउफर खरा. मूत्रपिंडाच्या रोग्यात एर्डहाइम खरा : तेथे ग्रंथी तूट भरण्यासाठीच वाढतात. मूळ अन्यत्र असते. हा भेद ध्यानात ठेवला नाही तर पुढचे काहीच कळणार नाही.

ही तूट मूत्रपिंड कशी निर्माण करते? दोन वाटांनी. अन्नातून आलेले फॉस्फेट बाहेर टाकणे हे मूत्रपिंडाचे काम. ते थांबले की फॉस्फेट रक्तात साचते आणि चुन्याची पातळी खाली ओढते. दुसरी वाट अधिक सूक्ष्म आहे. सूर्यप्रकाशाने आपल्या कातडीत जे ड जीवनसत्त्व तयार होते ते कच्चे असते. त्याला शेवटचा हात मूत्रपिंड देते, तेव्हा कोठे ते आतड्यातून चुना शोषू शकते. ही गोष्ट केंब्रिजच्या फ्रेझर आणि कोडिचेक यांनी १९७० साली दाखविली. मूत्रपिंड गेले की हा शेवटचा हात गेला. पोटात चुना भरपूर, रक्तात तुटवडा. मग ग्रंथींना रात्रंदिवस मागणी सुरू होते, आणि मागणी कधीच न थांबल्यामुळे त्यांतल्या पेशी वाढत जातात.

हे सारे फार काळ पुस्तकी राहिले असते, कारण मूत्रपिंडे पूर्ण गेलेला माणूस जगतच नसे. हाडे पोखरली जाण्याइतका अवधीच त्याला मिळत नव्हता. तो अवधी यंत्राने दिला. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमधील काम्पेन येथे विलेम कोल्फने रक्त धुण्याचे यंत्र बनविले. ते काही दिवसांपुरते वापरता येई. १९६० साली सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरने रोग्याच्या हातात टेफ्लॉनची नळी कायमची बसवून दाखविली. तिच्यामुळे पुन्हा पुन्हा यंत्राशी जोडणी करता येऊ लागली. क्लाइड शील्ड्स हा त्याचा पहिला रोगी त्यानंतर अकरा वर्षे जगला. यंत्र रक्त गाळते. पण ड जीवनसत्त्वाला शेवटचा हात देणे त्याला येत नाही, आणि फॉस्फेट काढण्यातही ते तोकडेच पडते. चार तासांच्या एका बैठकीत ते सामान्यतः एका दिवसाच्या जेवणातले फॉस्फेट काढते, आणि बैठका आठवड्यातून तीन. जेवण मात्र सातही दिवस. आपल्या शाकाहारी घरांत दूध, डाळी आणि शेंगदाणे हेच पथ्याचे मोठे शत्रू ठरतात. अलीकडे पाकीटबंद पदार्थांत घातली जाणारी फॉस्फेटे त्यांहूनही वाईट, कारण ती जवळजवळ सगळीच अंगी लागतात. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतून ही यंत्रे आली. त्यांवर वर्षानुवर्षे जगणारी माणसे आता आपल्या शेजारीपाजारी आहेत. त्यामुळे व्हिएन्ना-बोस्टनचा हा इतिहास आपल्यापासून वाटतो तेवढा दूर नाही.

यंत्रावर जगणाऱ्यांची गर्दी होण्यापूर्वीच मूत्रपिंडाच्या रोग्याची ग्रंथी कापण्याची वेळ आली होती. मँचेस्टरच्या स्टॅनबरी, लंब आणि निकोल्सन यांनी १९६० साली अशा रोग्यांत ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तीन ग्रंथी पूर्ण काढायच्या, चौथीचा बराचसा भाग काढायचा, आणि एका निरोगी ग्रंथीएवढा अंश रक्तपुरवठ्यासह मानेतच ठेवायचा. मार्टेलच्या वेळच्या सावधगिरीचेच हे सुधारलेले रूप. हाडे भरून आली. सुरुवातीला तर ती इतक्या हावरेपणाने चुना ओढीत की रक्तातला चुना धोकादायक रीतीने उतरे. ऑलब्राइटने अशा हाडांना भुकेली हाडे असे नाव दिले होते. ओठांभोवती मुंग्या, बोटांत आखडणे, शिरेतून तासन् तास कॅल्शियम. तो आठवडा पार पडला की रोगी सुधारे.

पण मूळ कोठे गेले होते? मूत्रपिंड होते तसेच बिघडलेले. मानेत ठेवलेल्या त्या चिमुकल्या तुकड्याला आता चार ग्रंथींची मागणी एकट्याने पुरवायची होती. तो वाढू लागला. हे आम्ही जरा ठासून सांगतो, कारण रोग परतलेल्या माणसाच्या घरी गेले की पहिला प्रश्न असा ऐकू येतो की डॉक्टरांनी मुळात नीट काढले नव्हते काय. नीट न काढल्याचाही प्रकार असतो. त्यात रक्तातील स्राव शस्त्रक्रियेनंतर खाली येतच नाही, किंवा सहा महिन्यांच्या आत पुन्हा चढतो. त्याला वैद्य रोग टिकून राहिला असे म्हणतात. खरी पुनरावृत्ती त्यानंतरची. तेथे शस्त्रक्रिया फळली होती, आणि मागे ठेवलेल्या अंशाने मूत्रपिंडाच्या हुकमाला पुन्हा होकार दिला.

दुसऱ्यांदा मान उघडणे म्हणजे फार अवघड काम. पहिल्या जखमेचे व्रण सर्वत्र चिकटलेले असतात, आणि त्यातूनच आवाजाची मज्जातंतू जाते. तिला धक्का लागला तर माणसाचा आवाज बसतो तो कायमचा. तेव्हा अमेरिकेतील सॅम्युअल वेल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती पुढे आणली. तिचे फलित त्यांनी १९७५ साली मांडले. मानेतल्या सगळ्या ग्रंथी काढायच्या. त्यांपैकी एकीचे मिलिमीटरभर आकाराचे वीसएक तुकडे करायचे आणि ते कोपराखालच्या हाताच्या स्नायूत लहान लहान कप्पे करून पेरायचे. तुकडे तेथे रुजतात, त्यांना नवा रक्तपुरवठा मिळतो, आणि काही आठवड्यांत हातातून स्राव येऊ लागतो. यंत्राच्या सुयांसाठी एक हात राखलेला असतो. ग्रंथी दुसऱ्या हातात. रोग परतलाच तर मान न उघडता हाताच्या कातडीखालून, नुसती जागा बधिर करून, चार तुकडे काढता येतील, असा हिशोब होता.

येथे एक जुनी आठवण सांगितली पाहिजे. १९०९ साली हॉल्स्टेड या अमेरिकन शस्त्रवैद्याने कुत्र्यांमध्ये परावटु ग्रंथींची कलमे करून पाहिली होती. त्याला असे आढळले की शरीरात त्या ग्रंथीची तूट असेल तरच कलम धरते. हा नियम पुढे तेवढ्या कडकपणे टिकला नाही. पण आमच्या रोग्याला तो जणू मापून बसवला आहे : मूत्रपिंड गेलेल्या शरीरात तूट कायमचीच, म्हणून कलम उत्तम धरणार, आणि ज्या कारणाने ते धरणार त्याच कारणाने ते वाढतही राहणार. झालेही तसेच. हातातल्या कलमातून रोग परतल्याचे वृत्तांत लवकरच येऊ लागले. काही वेळा कलमाचे तुकडे स्नायूत मुळांसारखे पसरलेले आढळले आणि ते वेचून काढणे मानेइतकेच कष्टाचे झाले. वेल्सच्या युक्तीची किंमत त्यामुळे कमी होत नाही. रोग परतणारच असेल तर तो निदान सोयीच्या जागी परतावा, हा तिचा हेतू होता, आणि तो पुष्कळ अंशी साधला.

परतलेला रोग हातातला की मानेतला, हे ओळखण्याची एक सुंदर चाचणी १९९१ साली कासानोव्हा व सहकाऱ्यांनी दिली. कलमाच्या हाताला दंडाशी रक्तदाबाच्या पट्ट्याने आवळून त्या हाताचा रक्तप्रवाह थोडा वेळ बंद करावयाचा आणि दुसऱ्या हातातून रक्त घेऊन स्राव मोजायचा. परावटु-संप्रेरकाचे आयुष्य रक्तात केवळ काही मिनिटांचे असते. पट्टा आवळताच पातळी निम्म्याखाली कोसळली तर दोषी हात. जागची हलली नाही तर मानेत किंवा छातीत आणखी कुणी दडलेले आहे. अशी मापे घेता येतात ती बेर्सन आणि रोझॅलिन यॅलो यांनी १९६३ साली या संप्रेरकाच्या मोजणीची किरणोत्सर्गी पद्धत बसविली म्हणून. त्यापूर्वी वैद्याला हाडांची क्ष-किरण चित्रे आणि रक्तातील चुना यांवरून तर्कच करावा लागे.

आणखी कुणी दडलेले असण्याचा संभव किती? याचे उत्तर पुन्हा उप्सालातूनच आले. सॅण्डस्ट्रमच्या प्रबंधानंतर १०४ वर्षांनी, १९८४ साली, त्याच शहरातील ओकेरस्ट्रम व सहकाऱ्यांनी ५०३ शवांची तपासणी प्रसिद्ध केली. शेकडा ८४ माणसांत चार ग्रंथी होत्या. शेकडा १३ माणसांत चारांहून अधिक. पाचवी ग्रंथी निरोगी माणसात कुणाच्या खिजगणतीत नसते. मूत्रपिंडाची हाक सुरू झाली की तीही जागी होते. म्हणून आता चार मोजून थांबत नाहीत; थायमसचा मानेतला भागही बरोबर काढतात.

आतापर्यंत आम्ही ग्रंथीला आज्ञाधारक म्हणत आलो. ते सदैव खरे राहत नाही. फार वर्षे मागणी चालू राहिली की एकसारख्या वाढलेल्या ग्रंथीत गाठी बनू लागतात. १९९५ साली अमेरिकेतील अर्नोल्ड व सहकाऱ्यांनी दाखविले की औषधांना न जुमानणाऱ्या रोग्यांपैकी बहुसंख्यांच्या ग्रंथींत एकाच पेशीपासून निपजलेली वंशावळ माजलेली असते. या पेशींवर चुन्याची आणि ड जीवनसत्त्वाची चाहूल घेणारी द्वारे कमी असतात. त्यांना पुरे झाले म्हटलेले ऐकूच येत नाही. जपानमध्ये मूत्रपिंडरोपण कमी व यंत्रावरची आयुष्ये लांब, त्यामुळे या विषयाचा अनुभव तेथे दांडगा. नागोया येथील तोमिनागा यांच्या मंडळींनी शेकडो रोग्यांवरून हे दाखविले की कलमासाठी गाठी झालेला भाग घेतला तर रोग परतण्याचा धोका अधिक; म्हणून पेरायचा तुकडा ग्रंथीच्या गाठी नसलेल्या भागातून निवडावा. शेतकऱ्याला बियाण्याबद्दल हे सांगावे लागले नसते.

मग काहीच ठेवू नये, हा विचार साहजिक होता. चारही ग्रंथी काढाव्यात, कलम करू नये, चुना व ड जीवनसत्त्व औषधातून द्यावे. कलम आणि मानेतला अंश यांची तुलना जर्मनीत रोटमुंड व सहकाऱ्यांनी १९९१ साली ४० रोग्यांत केली होती व कौल कलमाकडे गेला होता. २०१६ साली जर्मनीतूनच दुसरी चाचणी आली : १०० रोगी, काहींना कलम, काहींना नाही, तीन वर्षे पाहणी. कलम न केलेल्यांत रोग परतला नाही. केलेल्यांत मोजक्यांत परतला. शिवाय नवल असे की चारही काढलेल्या रोग्यांच्या रक्तातही पुष्कळदा थोडा स्राव सापडतच राहतो. कोठेतरी, कुणी न पाहिलेल्या काही पेशी काम करीत असतात.

असे असूनही आम्हांला हा मार्ग सर्वांना मोकळा वाटत नाही. ज्याला पुढे नवे मूत्रपिंड मिळण्याची आशा आहे त्याच्या अंगात एकही ग्रंथी नसेल तर नव्या मूत्रपिंडासह त्याला जन्मभर चुन्याच्या गोळ्यांवर काढावे लागते. एखादा दिवस चुकला की पेटके. आणि स्राव अगदीच नसला तर हाडांची झीज-भर थांबून ती निर्जीवासारखी होतात. पन्नाशीचा, दात्याची वाट पाहणारा माणूस आणि सत्तरीचा, यंत्रावरच राहणार असलेला माणूस, यांना एकच शस्त्रक्रिया सांगणारा वैद्य आम्हांला घाईचा वाटतो.

औषधांनीही या काळात पुष्कळ पल्ला गाठला. मूत्रपिंड ज्या रूपात ड जीवनसत्त्व देते तेच रूप गोळीतून देता येऊ लागले. २००४ साली अमेरिकेत सिनाकॅल्सेट या औषधाला मान्यता मिळाली. रक्तात चुना पुरेसा आहे अशी समजूत ते ग्रंथीला करून देते. शस्त्रक्रिया त्यामुळे लांबल्या, काहींच्या टळल्या. पण औषध रोज घ्यावे लागते, मळमळ होते, खर्च येतो; आणि गाठ जुनी व मोठी असेल तर तिची समजूत पटत नाही. खरा उतारा म्हणजे नवे मूत्रपिंड. ते बसले की मागणीच थांबते आणि बहुतेकांच्या ग्रंथी हळूहळू शांत होतात. ज्यांच्या होत नाहीत त्यांच्या ग्रंथी आता स्वतंत्र झालेल्या असतात, आणि चांगले चालणाऱ्या मूत्रपिंडालाच चुन्याने त्रास देतात. १९६३ पासून या अवस्थेला तिसऱ्या पायरीचा विकार असे नाव आहे. मूत्रपिंडाने ग्रंथी बिघडवली, आणि मग तीच ग्रंथी नव्या मूत्रपिंडाच्या मुळावर आली, असा हा उलटा फेरा.

आज अनुभवी शस्त्रवैद्य मेजावरच दहा-पंधरा मिनिटांत स्राव मोजून घेतो आणि तो पुरेसा उतरल्याशिवाय मान मिटत नाही. काढलेल्या ग्रंथीचे आवरण फुटू नये म्हणून तो फार जपतो, कारण सांडलेल्या पेशी मानेत जागोजाग रुजतात आणि मग त्या वेचता वेचत नाहीत. काही ठिकाणी ग्रंथीचे थोडे तुकडे गोठवूनही ठेवतात. चुना फारच उतरला तर ते परत पेरता यावेत म्हणून. आणि जेथे मानेत अंश ठेवला, किंवा हातात कलम केले, तेथे जखम शिवण्यापूर्वी त्या जागी न विरघळणाऱ्या काळ्या धाग्याचा एक टाका किंवा धातूची बारीकशी चिमटी लावतात. कोणत्या बाजूस, किती खोल, कितवा कप्पा, हे शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहून ठेवतात. तो टाका या शस्त्रक्रियेच्या उपयोगाचा नसतो. काही वर्षांनी दुसरा कुणी शस्त्रवैद्य त्याच जागी येईल, तेव्हा त्याला तो सापडावा म्हणून घातलेला असतो.